राधानगरीला परत परत जाणाऱ्यांचे प्रश्न: तलाव, जंगल, रस्ता आणि मुक्काम

कोल्हापूरकरांना राधानगरी नवी नसते. शाळेची सहल, कुणाच्या तरी मामाचं गाव, पावसाळ्यातली एखादी धावती फेरी, असं काहीतरी प्रत्येकाच्या खात्यात असतं. तरीही दुसऱ्या-तिसऱ्यांदा जाताना तेच प्रश्न पडतात आणि त्याच चुका होतात. त्या प्रश्नांची ही उत्तरं.

राधानगरीला जायला सगळ्यात चांगला महिना कोणता?

महिना विचारण्याआधी तलावात पाणी किती आहे ते विचारा. इथलं खरं कॅलेंडर पाण्याच्या पातळीचं आहे. लक्ष्मी तलावाची, म्हणजे राधानगरी धरणाच्या जलाशयाची, क्षमता ८.३६ टीएमसी (अब्ज घनफूट). पातळी ३४७.५० फुटांच्या आसपास गेली की तलाव भरला. बहुतेक वर्षी हे जुलैच्या उत्तरार्धात किंवा ऑगस्टमध्ये होतं. पुढे भोगावती नदीत पाणी सोडत सोडत मे अखेरीस तो पार खाली जातो. एकच जागा ऑगस्टमध्ये आणि मेमध्ये पाहिली तर दोन वेगळी गावं वाटतात.

तलाव काठोकाठ असताना (ऑगस्ट-सप्टेंबर) धरण, धबधबे आणि धुकं बघायचं. प्राण्यांची अपेक्षा ठेवू नका, जंगलातली सफारी या काळात बंदच असते. पाऊस ओसरल्यावर, साधारण सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर मध्य, सड्यांवर, म्हणजे कातळ पठारांवर, फुलं असतात. नोव्हेंबर ते जानेवारी पक्षी, चालणं आणि शेकोटीपुढच्या गप्पा. पहाटे अभयारण्यातल्या दाजीपूरला चांगलीच हुडहुडी भरते, स्वेटरवर भागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये जंगल सुकतं, पाणवठे मोजके उरतात आणि गवे दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. मे अखेर ते पाऊस नीट लागेपर्यंत काजवे.

एका फेरीत यातलं एकच धरा. शनिवारी दुपारी धरण, संध्याकाळी धबधबा, रविवारी सफारी आणि परतताना फोंडा घाटात चहा असा बेत आखला की निम्मा वेळ गाडीत जातो आणि तलावाकाठी बसायला अर्धा तासही मिळत नाही.

कोल्हापुरातून किती वेळ लागतो? कधी निघावं?

राधानगरी साधारण ५०-५५ किलोमीटर. स्वतःच्या गाडीनं दीड तास धरा. हळदी, परिते, भोगावती करत रस्ता जातो. राधानगरीपासून दाजीपूर आणखी तीसेक किलोमीटर आहे, पण तो रस्ता वळणांचा आणि अरुंद. त्याला पाऊण ते एक तास द्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रविवारी सकाळी नऊला नाष्टा करून निघणं. दाजीपुरात पोचेपर्यंत बारा वाजतात, प्राणी सावलीला गेलेले असतात आणि मग "काहीच दिसलं नाही" असं म्हणत माणसं परत येतात. जंगल बघायचं असेल तर आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला पोचा. पहाटे कोल्हापुरातून निघून पहिली सफारी गाठायची म्हटलं तर चारला गाडी काढावी लागते, आणि त्या वेळी चालवणारा अर्धवट झोपेत असतो.

ऊस हंगामात रस्त्याची काय काळजी घ्यायची?

साधारण नोव्हेंबर ते मार्च हा गळीत हंगाम. परित्याजवळ भोगावती साखर कारखाना असल्यामुळे या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते. धोका तीन प्रकारचा.

पहिला, रात्रीचा. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी उसाच्या वाड्यांनी (शेंड्याच्या पाल्यानं) झाकलेली. समोरच्या गाडीच्या झगमगाटात ही ट्रॉली पंधरा-वीस मीटरवर येईपर्यंत दिसत नाही. अंधार पडल्यावर ताशी ४० च्या वर जाऊ नका. दुसरा, रस्त्यावर सांडलेला ऊस. चाकाखाली चिरडून त्याचा चोथा होतो आणि दवानं भिजला की दुचाकी सरळ घसरते. तिसरा, रानातून रस्त्यावर येताना ट्रॅक्टरच्या टायरनं आणलेला काळा चिखल. वळणावर असा पट्टा दिसला तर ब्रेक त्याच्या आधी दाबा, त्याच्यावर गेल्यावर नको.

ट्रॉलीला मागे टाकताना फक्त पहिल्या ट्रॉलीचा विचार करू नका. पुढची ट्रॉली आणि ट्रॅक्टर धरून ती रेल्वेच्या डब्यासारखी लांब असते.

एसटीनं जाता येतं का?

येतं. राधानगरीला एसटीचं आगार आहे, कोल्हापुरातून गाड्या मिळतात. मध्यवर्ती बसस्थानक आणि रंकाळा स्थानक, दोन्हीकडे विचारून घ्या. खरी अडचण राधानगरीच्या पुढे आहे. दाजीपूरच्या बाजूला गाड्या कमी असतात. म्हणून उतरल्याबरोबर आगारातच परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते विचारा आणि तिच्या आधीची गाडी पकडायचं ठरवा. एसटीनं येणाऱ्यानं मुक्काम राधानगरी गावातच केलेला बरा.

धरणाचे दरवाजे कधी उघडतात? ते बघायला जाता येईल का?

राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याच्या दाबावर ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. प्रत्येक दरवाजातून साधारण १४२८ क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) पाणी पडतं. सातही उघडले तर दहा हजार क्युसेकच्या घरात. "सहा नंबरचं दार उघडलं" ही बातमी कोल्हापुरात कानोकानी पसरते ती उगाच नाही. हेच पाणी भोगावतीतून पंचगंगेत येतं.

अमुक दिवशी दरवाजे उघडतील असं कुणी सांगू शकत नाही, कारण उघडणारा माणूस नाही, पाणी आहे. पातळी ३४६ फुटांच्या पुढे गेली आणि पाणलोटात पाऊस सुरूच असला तर एक-दोन दिवसांत शक्यता. बघायचं ते लांबून, पोलीस आणि पाटबंधारेवाले उभं राहू देतात तिथूनच. धरणाखालच्या नदीपात्रात, खडकावर फोटोसाठी उतरू नका. एक दार मिटलेलं दिसलं म्हणजे पाणी कमी झालं असं नाही, दुसरं दार कुठल्याही क्षणी उघडू शकतं.

निघण्याआधी कोल्हापुरातल्या, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पातळी ३९ च्या जवळ असेल तर बेत रद्द करा. जाताना रस्ता मोकळा मिळेल, पण परतताना तोच पाण्याखाली असू शकतो आणि गावागावांतले आडवाटेचे बंधारे तर आधीच बुडालेले असतात.

बंधाऱ्यावरून थोडंसंच पाणी वाहत असेल तर गाडी घालावी का?

नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला कठडा नसतो. पाणी वर आलं की काठ कुठं संपतो ते कळत नाही. पावसाळ्याआधी बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढून ठेवतात, त्यामुळे खालून पाणी जोरात ओढलं जातं. घोट्याएवढं दिसणारं पाणी दुचाकीचं मागचं चाक सहज सरकवतं. गावातली माणसं त्यावरून जाताना दिसली तरी त्यांच्यामागून जाऊ नका. त्यांच्या पायाला ती वाट वर्षानुवर्षांची ठाऊक असते.

तलावात पोहता येतं का?

पोहू नका. हा बांधलेला पोहण्याचा तलाव नाही, एक बुडालेली दरी आहे. पाण्याखाली जुने बांध आहेत, झाडांची खुंटं आहेत आणि जुना नदीकाठ आहे. गुडघाभर पाण्यातून दोन पावलं पुढे टाकली की एकदम पुरुषभर खोली लागते ती याच काठामुळे.

उन्हाळ्यात आणखी एक फसवणूक असते. पाणी मागे सरतं तसा काठावर गाळ उघडा पडतो. वरून तो वाळून भेगाळलेला दिसतो, शेणानं सारवलेल्या अंगणासारखा. पाय ठेवला की वरचा पापुद्रा तुटतो आणि खालचा ओला गाळ पोटरीपर्यंत ओढतो. पाय उपसायला जावं तर चप्पल आतच राहते आणि दुसरा पाय रुततो. अशा वेळी उभ्यानं झगडू नका. खाली बसा, मागे रेला, वजन पसरा आणि आल्या वाटेनं सरपटत या. गाळावर गुरांच्या खुरांच्या ताज्या खुणा असतील तिथली जमीन त्यातल्या त्यात घट्ट. खुणा जिथं संपतात तिथं तुम्हीही थांबा.

पाण्यात दिसणारी ती इमारत कसली?

बेनझीर व्हिला. राजर्षी शाहू महाराजांच्या काळातली, तलावाच्या पाण्यात एका उंचवट्यावर असलेली वास्तू. पाणी भरलं की तिला चारी बाजूंनी वेढा पडतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती आणखी उघडी होते. परत परत येणाऱ्यांसाठी हीच पातळी मोजायची काठी. तिच्याभोवती किती जमीन उघडी आहे ते बघितलं की तलाव किती खाली गेलाय ते लगेच कळतं. पडक्या भिंतींवर चढू नका, दगड सुटे झालेले आहेत.

धरणाची योजना महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात हाती घेतली. महाराज १९२२ साली गेले, धरण पूर्ण झालं ते स्वातंत्र्यानंतर. गावाचं नाव त्यांच्या कन्या राधाबाई, म्हणजे आक्कासाहेब महाराज, यांच्यावरून पडलं. तलावाकाठी बसताना मुलांना एवढं तरी सांगाच. आज कोल्हापूरच्या रानातला ऊस ज्या पाण्यावर उभा आहे, त्याची ही सुरुवात आहे.

दाजीपूर अभयारण्य आणि राधानगरी अभयारण्य एकच का?

एकच. १९५८ साली दाजीपूर गवा अभयारण्य म्हणून ते घोषित झालं, राज्यातलं पहिलं अभयारण्य. पुढे १९८५ मध्ये हद्द वाढून राधानगरी अभयारण्य झालं, क्षेत्र ३५१.१६ चौरस किलोमीटर. पश्चिम घाटातली जी ठिकाणं २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यात कास, कोयना आणि चांदोलीबरोबर राधानगरीही आहे.

गवा नक्की दिसेल का?

नक्की असं काही नसतं. पण शक्यता वाढवता येते. मार्च ते मे हे महिने निवडा. दिवसाची पहिली किंवा शेवटची सफारी घ्या. कपडे मळखाऊ रंगाचे घाला, अत्तर लावू नका, गवा वासाला फार तिखट असतो. गाडीत बोलणं बंद ठेवा. सोबत स्थानिक वाटाड्या हवाच. ताजं शेण, चिखलातली खूर उमटलेली वाट, झाडाला अंग घासल्याच्या खुणा हे त्याला दिसतं, आपल्याला नाही.

वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो. अंग काळंभोर आणि चारही पाय गुडघ्याखाली पांढरे, जणू मोजे घातलेत. कळप शक्यतो माणसाला टाळतो. जपायचं ते एकट्या नराला आणि पिलाच्या आईला. मान खाली, शिंगं तिरकी आणि नाकातून जोराचा फुस्कार ऐकू आला की तुम्ही फार जवळ गेला आहात. पाठ न दाखवता, सावकाश मागे या.

दाजीपूर-फोंडा रस्त्यावर रात्री गवे आडवे येतात. दुचाकीवर असाल तर पन्नास मीटर अलीकडेच थांबा, दिवा मंद करा, हॉर्न वाजवू नका. एक गवा गेला म्हणून लगेच गाडी पुढे काढू नका. मागे कळप असतो आणि शेवटी रेंगाळणारं पिल्लू असतं. त्याच्या आणि कळपाच्या मधे दुचाकी घुसली की कळप उलटतो.

गव्याशिवाय काय बघावं?

शेकरू, राज्याचा प्राणी, उंच झाडांच्या शेंड्यात. आधी त्याचा खडखड आवाज ऐकू येतो, मग शेपूट दिसते. भेकर, सांबर, पिसोरी (अगदी छोटं हरीण), रानकुत्री, अस्वल आणि बिबट्याही इथे आहेत, पण यांतलं काय दिसेल ते नशिबावर. धनेश पक्ष्यासाठी फळं धरलेली उंबर-वडाची झाडं शोधा आणि खाली गप्प बसा. वीस मिनिटं एका झाडाखाली काढलीत तर दोन तास भटकण्यापेक्षा जास्त दिसतं.

सड्यावरची फुलं कधी आणि कशी बघायची?

सावराई सड्यासारख्या कातळ पठारांवर माती बोटभरच असते. पाऊस ओसरला की पंधरा-वीस दिवसांत फुलं येतात, कातळ तापला की संपतात. सीतेची आसवं, तेरडा, सोनकी ही सहज ओळखू येणारी. सीतेची आसवं कीटकभक्षी आहेत. त्या टिचभर झाडाच्या मुळाशी बारीक पिशव्या असतात आणि ओल्या मातीतले सूक्ष्म जीव त्या पकडतात, कारण या मातीत खायला दुसरं काही नसतं. फुलांच्या गालिच्यात बसून फोटो काढला की तो बोटभर मातीचा थर दबतो आणि पुढच्या वर्षी तिथं नुसता कातळ उरतो. उघड्या कातळावरूनच चाला, वाकून बघा. शेवाळलेल्या कातळावर गुळगुळीत तळव्याचे स्पोर्ट्स शूज घसरतात, खाचांचा तळवा हवा.

काजवे बघायला कधी जावं?

मे अखेरीस वळवाच्या दोन-तीन सरी पडून गेल्या की पुढचे दोन-तीन आठवडे. पाऊस जोरात लागला की खेळ संपला. अमावास्येच्या आजूबाजूची रात्र निवडा. अंधार पडल्यावर आठ ते दहा ही वेळ चांगली.

झाडावर एका लयीत लुकलुकतात ते बहुतेक नर. माद्या खाली गवतात, झुडपांत असतात आणि तिथूनच उत्तर देतात. म्हणून पायवाट सोडून गवतात शिरलं की नेमक्या माद्या चिरडल्या जातात आणि त्या झाडावरचे काजवे पुढच्या वर्षी कमी होतात. गाडीचे दिवे, मोबाईलचा टॉर्च, फोटोचा फ्लॅश सगळं बंद ठेवा. एका दिव्यानं अख्खं झाड विझतं आणि पुन्हा पेटायला वेळ लागतो. वाट बघण्यापुरता टॉर्च हवाच असेल तर त्याला लाल कागद गुंडाळा आणि उजेड पायाशीच ठेवा. बाटलीत काजवे भरणाऱ्या मुलांना तिथल्या तिथं थांबवा.

जळवांचं काय करायचं?

पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे ओल्या पाचोळ्यात जळवा असणारच. पॅंट मोज्यात खोचा. मोज्यावर आणि बुटाच्या कडेला मीठ-तंबाखूची पुरचुंडी ओली करून घासा. चार जणांना शंभर ग्रॅम मीठ पुरतं. पाऊस असेल तर तासाभरानं पुन्हा घासावं लागतं.

चिकटलेली जळू ओढू नका आणि तिच्या अंगावर मीठही टाकू नका, ती पोटातलं जखमेत ओकते. नखाची कड कातडीला टेकवून तिचं तोंड बाजूला सरकवा, मग दुसरं टोक. जळू गेल्यावरही रक्त बराच वेळ येत राहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो. घाबरू नका. साबणानं धुवा, स्वच्छ कापड दाबून धरा. कोरड्या महिन्यांत गोचिडांकडे लक्ष द्या. परतल्यावर काखा, जांघ, कानामागं आणि मुलांचे केस तपासा.

तलावाकाठी तंबू टाकता येतो का?

मनाला येईल तिथं नाही. काठाचा बराच भाग अभयारण्यात किंवा धरणाच्या हद्दीत येतो. वनविभागाची परवानगी असलेल्या ठिकाणीच टाका. तिथंही तंबू पाण्याच्या कडेला लावू नका. रात्री प्राणी पाण्यावर येतात आणि तुम्ही त्यांच्या वाटेत झोपलेले असता. खाणं तंबूत ठेवलं तर वानर आणि रानडुक्कर ते शोधून काढतात.

मुक्काम ठरवताना काय विचारून घ्यावं?

वीज गेल्यावर सोय काय, आंघोळीला गरम पाणी किती वाजेपर्यंत, सफारीचं गेट किती लांब, गाडी आवारात राहते का. सफारीची वेळ, दर आणि साप्ताहिक सुट्टी वनविभागाकडूनच त्या आठवड्याला विचारून घ्या, मागच्या वर्षीच्या माहितीवर जाऊ नका. घरगुती मुक्कामात जेवण दुपारीच सांगून ठेवा. रात्री आठला पोचून "मटण मिळेल का मावशी?" म्हटलं तर मिळत नाही, आणि मावशींनाही अवघड होतं. नाचणीची भाकरी, खर्डा आणि पिठलं मात्र सांगितल्यावर तासाभरात पानात येतं, तेच मागा.

राधानगरी सोडण्याआधी पेट्रोल भरा आणि रोख पैसे काढा. दाजीपूरकडे मोबाईलची रेंज जाते-येते, फोनवरचं पेमेंट अडकतं. माणशी दोन-तीन लिटर पाणी, भडंगाचा डबा आणि गुळाचा खडा सोबत ठेवा. रिकाम्या पिशव्या कोल्हापूरला परत आणा, तिथं कचरा उचलायला घंटागाडी येत नाही.

घरात म्हातारी माणसं आहेत, त्यांना काय झेपेल?

राधानगरीतच राहा. तलावाच्या कडेनं जाणाऱ्या दाजीपूर रस्त्यावर गाडी सुरक्षित जागी लावून खुर्च्या टाका. सफारीच्या जीपला धक्के बसतात, पाठीचा त्रास असलेल्यांनी टाळावी.

पुढच्या फेरीसाठी काय टिपून ठेवावं?

तारीख, त्या दिवशीची पाणीपातळी आणि बेनझीर व्हिलाचा एक फोटो, दर वेळी रस्त्याच्या त्याच वळणावरून. बस्स. कुठल्या झाडाला काय फळ होतं आणि त्यावर कोण बसलं होतं, एवढं लिहिलंत तर पुढच्या वर्षी वाटाड्याला नेमकं विचारता येतं. परतीला दुपारी चारच्या आत निघा, म्हणजे परित्याच्या पुढे अंधार पडायच्या आत पोचाल.